निकुरे सरांच्या नडग्या

निकुरे सर पहिल्या दिवशी शाळेत आले तेव्हा मी शिपायाला विचारलं, "शर्ट घालून कोणी आलंय, की शर्टच आलाय एकटा?" मी तशी तोंडाची फटकळ. नागभीडच्या त्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, आणि नव्या माणसाला एकदा बोलून घेतल्याशिवाय मला स्टाफरूमचा चहा गोड लागत नाही. पण शर्ट खरंच मोठा होता. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या मनगट ओलांडून बोटांपर्यंत आलेल्या, आणि पट्टा आवळून आवळून पॅन्टला पुढे चुण्याच चुण्या. आत माणूस उंच, सडसडीत, पोटऱ्या दोरखंडासारख्या पिळदार. माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच होतं. रागावले नाहीत. चहाचा कप उचलून म्हणाले, "मॅडम, ढिल्लं असलं की लागत नाई."

हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं, हे मला पुढे कळत गेलं. चप्पल एक नंबर मोठी, हेल्मेट डोक्यावर गरगर फिरणारं, लग्नातली अंगठी इतकी सैल की ती पडू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. त्यांची बायको रंजना म्हणायची, "मले पसंत केलं तेवढंच मापात, बाकी सगळं मोठं." आमच्या भागात ही काही जगावेगळी गोष्ट नाही म्हणा. पोराला बूट घ्यायचा तो वाढत्या पायाचा, पुढे कापूस कोंबायचा, आणि तो बूट बरोबर बसायला लागेपर्यंत फाटलेला असतो. पण बाकीचे लोक हे पैशाच्या ओढीनं करत. निकुरे सर श्रद्धेनं करत.

त्याला कारण होतं. त्यांचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं. शाळेत असताना अनवाणी पळणारं हे पोरगं गडचिरोलीला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरवलं, आणि ऐन वेळी कोणीतरी सांगितलं की बुटाशिवाय पळू देणार नाहीत. मग कोणाचे तरी कॅनव्हासचे बूट चढवले, घट्ट. पळाले, मागे पडले, आणि घरी येईपर्यंत अंगठ्यांची नखं काळी पडली होती. "त्या दिवशी ठरवलं मॅडम," ते सांगत, "जगात काई बी चालन, पन पायाले आवळनारं काई नको." म्हणून दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की हा माणूस मैदानावर ओळीनं उभ्या पोरांसमोर गुडघे टेकून बसायचा आणि प्रत्येकाच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहायचा. आत दोन बोटं जागा लागली की खूष. नाही लागली की आईबापाला निरोप, बदलून आणा. पोरं आपणहून पाय पुढे करायची. मी वर्गाच्या खिडकीतून ते बघायची आणि मनात म्हणायची, एवढ्या प्रेमानं तर मुलांच्या वह्याही कोणी तपासत नाही.

सर खेळाचे शिक्षक होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, दिवाळी-उन्हाळा बिनपगारी, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही हे देवालाही माहीत नाही. हजेरीच्या मस्टरवर आमची नावं छापील, त्यांचं पेन्सिलनं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, कायम नोकरी. दुसरं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही. रंजना शाळेच्या खिचडीच्या कामावर होती, तिचंही तसंच, आज आहे तर उद्या नाही. एका घरात दोन पेन्सिलीची नावं.

एकदा दिवाळीनंतर ते स्टाफरूममध्ये आले ते थेट माझ्याच टेबलाशी. "मॅडम, बर्फावरून घसराचा खेळ माहीत आहे का तुमाले?"

मी म्हटलं, "मला बर्फ फक्त गोळ्यातला माहीत आहे. काऊन?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात, त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत नंबर यावा लागतो. कबड्डीत, खो-खोत, धावण्यात आपल्यासारखे हजारो रांगेत उभे. पण स्कीइंग नावाचा एक खेळ आहे, पायाला पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायचा, त्यात आपल्या राज्यातून जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चंद्रपूरच्या एका ओळखीच्या खेळाडूनं त्यांना हे सुचवलं होतं. "म्हनजे लाइन लहान आहे मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर पाहिलेली नव्हती अशी एक लकाकी होती. मला हसू येत होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

त्या राखीव जागांसाठीची वयाची अट संपायला तेव्हा जेमतेम दोन हिवाळे उरले होते.

पहिल्या हिवाळ्यात ते काश्मीरला शिकायला जाऊन आले. जन्मात घाट न चढलेला माणूस, पण उतारावर उभं केल्यावर तो पडेच ना. तिथले शिकवणारे म्हणाले म्हणे, तुझे पाय या खेळासाठीच घडवलेत, पुढच्या वर्षी ये, नंबर काढशील. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पॅन्ट वर केली. दोन्ही नडग्या, गुडघ्याखालून घोट्यापर्यंतचं ते पुढचं हाड, वांग्यासारख्या जांभळ्या झालेल्या. मधे मधे कातडी गेलेली. आमच्या मराठीच्या बाईंनी तर तोंड फिरवलं.

"बूट," निकुरे सर म्हणाले. "भाड्याचे होते. दगडासारखे टनक. पुढं वाकलं की नडगीवर हान्ते. हान्ते म्हनजे असं, की डोळ्यातून पानी. मंग मानूस भीतीनं मागं झुकते, अन् मागं झुकला की पडते." त्यांनी पॅन्ट खाली केली. "बाकी मले सगळं येते मॅडम. फक्त नडगीले न लागनारा बूट भेटला पायजे."

तेव्हापासून त्यांच्या आयुष्यात दोनच शोध राहिले. एक कायम नोकरी, आणि तिच्या वाटेत उभा असलेला तो बूट.

रंजनाचा भाऊ फौजेत, वर कुठेतरी पहाडात. त्याच्याकडून त्यांनी एक जुनी जोडी मागवली. निरोप काय दिला असेल सांगायला नको. त्यांच्या मापापेक्षा मोठाच पाठव, भाड्याचे होते त्याहूनही सैल. पार्सल आलं तेव्हा शाळा सुटली होती, तरी कोणी घरी गेलं नाही. झेंडूच्या रंगाचे, प्लास्टिकचे, गुडघ्यापर्यंत येणारे, पुढे पेटीच्या कड्यांसारख्या चार चार कड्या. आत एक मऊ बूट, बाहेर एक टणक. निकुरे सरांनी ते घातले आणि व्हरांड्यातून चालून दाखवलं, खटाक खटाक. चेहरा असा खुललेला की जणू नोकरीचा कागदच हातात पडला. "पाहा," ते म्हणाले, "आत पाय खेळून राह्यला. आता कायचं दुखते."

बूट आले, पण सरावाला उतार कुठे आणायचा? नागभीड म्हणजे सपाट धानाचा मुलूख, रेल्वेचा फलाट हीच उंच जागा. त्यावर सरांनी जे शोधलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. इस्माईलभाईंची राइस मिल स्टेशनच्या अलीकडेच. हंगामात मिल चालली की धानाच्या टरफलांचा, भुशाचा ढीग मागच्या अंगाला दोन मजले चढतो. वीटभट्टीवाले नेईपर्यंत तो तिथेच पडून असतो, सोनेरी, सुळसुळीत, पाय ठेवला की घसरणारा.

इस्माईलभाई भला माणूस, पण प्रत्येक गोष्टीची आधी वाईट बाजू बघणारा. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. म्हणाले, "सर, तुम्ही मास्तर मानूस. घसराचं तं पोरायचं काम आहे. पडले तं मी जिम्मेदार नाई." मग म्हणाले, "चहा माझ्याकडून."

दुसऱ्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर आमच्या गावात बर्फाचा खेळ सुरू झाला. ढिगावर काळी ताडपत्री पसरायची, तिच्यावर भुशाचा पातळ थर टाकायचा, आणि पायाला बुटांसोबत आलेल्या लांब पट्ट्या अडकवून निकुरे सर वरून निघायचे. अर्धं गाव बघायला. हमाल पोती खाली ठेवून बघत. पहिल्यांदा ते खाली आले तेव्हा भुसा त्यांच्या कानात, नाकात, भुवयांत, आणि तरी उभे. टाळ्या पडल्या. मला कबूल करायला हवं की ते दिसायला सुंदर होतं. गुडघे वाकवून, हात पुढे धरून तो उंच माणूस असा तरंगत यायचा की क्षणभर माझ्याही मनात आलं, होईल, याचं होईल. पण ढीग संपायचा तिथे जमीन यायची. पट्ट्या थबकायच्या, अंग पुढे जायचं, आणि सैल बुटात पाय पुढे आदळायचा. प्रत्येक वेळी तोंडावर तीच कळ. मग ते बाजूला बसून नडग्या चोळायचे, आणि इस्माईलभाई चहा घेऊन यायचे.

"लागलं?"

"थोडंसं."

"मी म्हनलो होतो."

मग सुरू झाले उपाय, आणि त्यात सगळं गाव उतरलं. प्रत्येकाचं निदान एकच, बूट आवळतो म्हणून नडगीला लागतो. रंजनानं जुन्या लुगड्याच्या दोन छोट्या गाद्या शिवल्या, नडगी आणि बुटाच्या मधे घालायला. गादी घातली की कड्या लागेनात, म्हणून वरच्या दोन कड्या उघड्या ठेवायच्या. एसटीत काम करणाऱ्या एका पालकानं सीटमधला फोम आणून दिला. लोकरीचे दोन मोजे, एकावर एक. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि बूट जरा मोकळे बांधा म्हणाले. जंगलपट्टीतल्या कोण्या जाणत्या माणसानं मोहाचं तेल चोळून साल बांधून दिली, तोही म्हणाला, आवळू नको. आमच्या शाळेत कोणी लहान बाळाचे डायपर आणून दिले आणि तेही निकुरे सरांनी मुकाट्यानं बुटात भरले. गाव एवढ्या एकमतानं आजवर कशासाठी वागलं नव्हतं. जितकं मऊ, तितकं जाड, जितकं जाड तितक्या कड्या उघड्या, आणि जितक्या कड्या उघड्या तितका पाय आत मोकळा सुटून पुढे आपटत होता. घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीसारखा. लोळीला आत जागा आहे म्हणून तर घंटा वाजते. पण हे त्या वेळी नागभीडमध्ये एकालाही दिसलं नाही, कारण आम्ही सगळे लहानपणापासून पुढे कापूस कोंबूनच चाललेलो.

निकुरे सरांनी कधी तक्रार केली नाही, हेच मला आता सोसत नाही. संध्याकाळी मिलमधून लंगडत निघायचे, वाटेत कोणी विचारलं की म्हणायचे, "सुधरून राह्यलं." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर शिट्टी. एकदा मी म्हटलं, "सर, सोडा हो हे. पाय गेला तर आहे तो तासही जाईल."

"सोडून काय करू मॅडम?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

शेवटचा हिवाळा आला. काश्मीरला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सरांची राज्याच्या संघात निवड झाली होती. जायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. ते एवढीशी पिशवी आणि दोन झेंडूचे बूट गळ्यात अडकवून फलाटावर उभे. अंगात स्वेटर, अर्थातच कोणाचा तरी मोठा. लोक विचारत होते, कुठे चालले, आणि ते सांगत होते, घसरायला. रंजनानं डब्यात आंबाडीची भाकरी दिली होती, आणि गाद्या पुन्हा नव्यानं शिवून दिल्या होत्या, आणखी जाड. गाडी हलली तसे ते दारात उभे राहून म्हणाले, "आता फक्त नडग्यायनं साथ देली पायजे." इस्माईलभाईंनी खिशातून हात काढून हलवला. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, माझं मन नाई सांगत." मी त्यांना गप्प केलं.

परत आल्यावर आठवडाभर सरांनी काही सांगितलं नाही. नंबर आला नाही एवढं सगळ्यांना कळलं होतं, आणि गावातल्या लोकांनी शहाणपणानं विचारणं टाळलं. मग एका मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा ते आपणहून बोलले. मी ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण मला ते दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

"पहिल्या वळनापर्यंत बरोबर होतो मॅडम. दुसऱ्यावर बसला फटका. पाय बधिर झाला. मंग मी मागं झुकलो. अन् मागं झुकलो की संपलंच न. वळनाच्या खुनेले लावलेल्या झेंड्यात घुसलो. उठलो, खाली आलो, पन त्याले काय अर्थ. बाजूले बसून बूट काढून राह्यलो होतो. तिथी हिमाचलची एक पोरगी होती, त्यायच्या संघातली. तिनं माह्या नडग्या पाह्यल्या अन् 'हाय राम' म्हनली. मंग माहा बूट उचलला अन् आत हात घातला. पुरा हात गेला न मॅडम. म्हनते, 'भाईजी, इसमें तो पूरा खानदान आ जाएगा.'"

ते हसले. मी नाही हसले.

"म्हनते, हे सगळं काढा. गाद्या काढल्या, फोम काढला, दोन्ही मोजे काढले. डायपर पाह्यलं तिनं, पन काई बोलली नाई. म्हनते, तुमचा बूट मोठा आहे म्हनून दुखते. मी म्हनलो, ताई, उलटं आहे, घट्ट असला की दुखते. ती म्हनते, उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी स्पर्धा संपलेली, सगळे संघ सामान बांधत होते. त्या मुलीनं आपल्या भावाचे बूट आणून ठेवले होते, सरांच्या बुटांपेक्षा दोन नंबर लहान. एक पातळ मोजा. सरांनी पाय घातला तर बोटं पुढे टेकली, आणि त्यांना गडचिरोलीची ती शर्यत आठवली. नको म्हणाले. ती म्हणाली, आधी गुडघे वाकवा. वाकवले, तशी बोटं मागे सरली आणि टाच खाली घट्ट बसली. मग तिनं चारही कड्या लावल्या, वरच्या दोन चांगल्या आवळून. म्हणाली, आता नडगी पुढे टेकवा, सगळं अंग तिच्यावर सोडा, घाबरू नका, बूट धरेल.

"अन् धरलं मॅडम," निकुरे सर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी गुडघ्याखाली पाय पकडून दाखवला. "असं. कोनी तरी दोन्ही हातानं धरल्यावानी. मी वर गेलो. मोकळा होता पुरा पहाड. वरपासून तं खालपर्यंत आलो. ज्या वळनावर पडलो होतो न, तिथूनबी आलो." खिडकीबाहेर पोरं ओरडत होती. "नाई दुखलं."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"थोडंसंबी नाई दुखलं, मॅडम."

घंटा झाली. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली आणि ते सहावीच्या तासाला गेले. मला इतकं वाईट वाटलं की पुढच्या तासाला मी वर्गावर विनाकारण खेकसले. पोरांना वाटलं बाईंचं डोकं दुखतंय. त्या उन्हाळ्यात सरांच्या वयाची अट संपली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि निकुरे सर पुन्हा मैदानावर गुडघे टेकून बसले. पुन्हा अंगठा बुटाच्या टोकावर. पण आता उलटं. दोन बोटं जागा लागली की मान हलवायचे. एका पोरीच्या आईला त्यांनी बाजूला बोलावलं. बाई शेतातून आलेली, पदर खोचलेला. सर म्हणाले, "बाई, बूट मोठा आहे. पायाले धरला पायजे बूट. बदलून आना."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अजी सर, तुमीच तं सांगत होते. मोठीच्या वेळंला घट्ट आनला तं तुमीच वापस पाठवला होता न."

"हो. तवा सांगत होतो."

"मंग आता काऊन?"

निकुरे सरांना सांगता आलं असतं. काश्मीर, हिमाचलची मुलगी, दोन नंबर, सगळं. ते फक्त म्हणाले, "चुकलं होतं माहं." बाई हसली, त्यांची गंमत वाटली असावी तिला. "वर्षभर पुरला पायजे न सर," म्हणाली, आणि पोरीचा हात धरून निघून गेली. पोरगी चालताना टाचेतून बूट फटक फटक वाजत होता. पुढचा पाय तपासायला ते लगेच वाकले नाहीत, तसेच बसून राहिले. त्यानंतर मी त्यांना बूट तपासताना पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या एका शाळेत अतिरिक्त ठरलेले खेळाचे एक कायम शिक्षक सरकारी समायोजनात आमच्याकडे आले, आणि सरांचे तास त्यांना गेले. त्यांचाही काही दोष नाही, बिचारे लांबून येत. मस्टरवरचं पेन्सिलचं नाव खोडायला रबरही लागला नाही, पुढच्या महिन्याच्या पानावर ते लिहिलंच गेलं नाही. निरोप समारंभ कायम माणसांचा असतो, त्यामुळे तो झाला नाही. मी एक नारळ आणि शर्टाचं कापड दिलं. म्हटलं, "या खेपेला मापात शिवा." ते हसून म्हणाले, "पाहू." इस्माईलभाई शाळेच्या फाटकापाशी उभे होते. त्यांनी सरांना मिलवर मुनीम म्हणून या म्हटलं होतं, पण सरांना हिशेब जमत नसे. रंजनाचं कामही त्याच सुमारास गेलं, आणि ती दोघं चामोर्शीकडे, गावी गेली. झेंडूचे बूट त्यांनी नेले नाहीत. ते अजून शाळेच्या खेळाच्या खोलीत आहेत. फुटबॉल खेळायला दगड मिळाले नाहीत की पोरं ते दोन बूट गोलच्या खुणेला ठेवतात.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. निवडणुकीची ड्यूटी लागली आणि आमची बस एटापल्लीकडे निघाली. सूरजागडच्या लोहखाणीच्या बाजूचा रस्ता, दोन्हीकडे झाडांची पानं लाल मातीनं माखलेली, आणि खनिजाच्या ट्रकांची न संपणारी रांग. एका ठिकाणी लोखंडी पाइपाचं आडवं फाटक, एक वरचा पाइप आणि एक खालचा, बाजूला टिनाची टपरी. बस थांबली. फाटकाशी उभा पहारेकरी वळला आणि मी खिडकीची काच सरकवली.

आधी मी त्यांना ओळखलंच नाही, आणि कारण कपडे. गणवेश आखूड होता. बाह्या मनगटाच्या वर, खांद्यात शर्ट ताणलेला, गुंडी निघायला आलेली. निकुरे सरांना अपुऱ्या कपड्यांत मी कधी पाहिलं नव्हतं. पायात मात्र जाडजूड बूट, पुढून चपटे, आत पाय कमी आणि जागा जास्त असल्याचं लांबूनही कळत होतं.

"मॅडम, तुमी इथी?"

"ड्यूटी. तुम्ही?"

"हे पाहा न, गेट."

मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "कायम का?"

"ठेकेदाराचं आहे जी." त्यांनी माझी नजर बुटांवर गेलेली पाहिली. "जे होते ते देले. मागितले होते लहान. म्हनते, मोठे भेटले तं चांगलंच आहे न, लागनार नाई."

आम्ही दोघंही हसलो. वाईट हसू होतं ते. "नडग्या कशा आहेत?" मी विचारलं.

"चांगल्या आहेत. आता काय, उभंच राहाचं आहे." मग जरा पुढे होऊन, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, ते आठवते. नाई दुखलं होतं ते." पुढचे ट्रक सरकले होते. ड्रायव्हरनं बस चालू केली, सरांनी दोरी ओढली, फाटक वर गेलं आणि आम्ही पलीकडे गेलो.

बस चढावर होती, हळू चालली होती, म्हणून मला मागे बघता आलं. फाटक पुन्हा खाली आलं होतं. त्याच्यापासून, आम्ही आलो त्या बाजूला, रस्ता खाली उतरत जात होता, लांबपर्यंत, लाल. निकुरे सर फाटकाला तोंड करून उभे राहिले. त्यांनी खालच्या पाइपाला दोन्ही नडग्या टेकवल्या, गुडघे वाकवले, आणि सगळं अंग त्या पाइपावर पुढे सोडलं. हात आपोआप पुढे आले, मुठी वळलेल्या. पाइपानं धरलं होतं. ते उताराकडे बघत तसेच उभे होते, आणि माझ्या बाजूला बसलेल्या बाई मला विचारत होत्या, कोण हो ते, काय करतात ते.

खालून ट्रकचा हॉर्न वाजला. सर सरळ झाले, आणि त्यांनी दोरी ओढली.